किल्लीवालीचे वाचक

१२ जानेवारी

आज धंद्यात पहिल्यांदा मार खाल्ला. डावा जबडा टम्म सुजलाय, तोंड धड उघडत नाही, म्हणून ताईला फोन करायच्या ऐवजी इथे लिहितेय.

सकाळी एका बाईंनी कुलूप बदलायला बोलावलं. घर त्यांच्याच नावावर होतं. कागद बघितला आणि कामाला लागले. कुलपातलं जुनं सिलिंडर काढून हातात घेते तोच जिन्यावर धाडधाड पावलं. नवरा. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळू नये असा आडदांड. मी मनातल्या मनात त्याचं नाव रेडा ठेवलं. म्हणाला, "माझ्या घराचं कुलूप काढणारी तू कोण गं?" मी म्हटलं, "किल्लीवाली." पुढचं बोलायच्या आत त्याने ठोसा हाणला. मी चौकटीवर आपटले. मग तो बायकोकडे वळला, केस धरून तिचं डोकं भिंतीवर आदळलं, परत आदळलं. मी उठले, ड्रिल चालू केलं आणि त्याच्या कानापाशी नेलं. लावलं नाही, नुसता आवाज ऐकवला. एवढा मोठा माणूस मटकन खाली बसला. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले.

मी काम पुरं करूनच निघाले. चौकटीवरचं रक्त आधी पुसावं लागलं, नाहीतर पेचकस घसरत होता. खरं सांगायचं तर ड्रिल लावायची फार इच्छा झाली होती.

१४ जानेवारी

ताई आली, माझं थोबाड बघून रडली आणि लगेच डोळे पुसून धंद्याचं बोलायला लागली. ती एका कंपनीत जाहिरातीचं काम बघते, तिचा स्वभावच तसा. बाबा गेल्यापासून दुकान मी चालवते, आणि चालवते म्हणजे काय, दिवसभर माशा मारते. मोठ्या दुकानातल्या मशिनवर चहा होईस्तोवर किल्ली तयार मिळते. माझ्याकडे कोण येणार?

ताई म्हणाली, "हे जे परवा झालं ना, ते लिही. नेटवर दुकानाच्या नावाने ब्लॉग काढ आणि आठवड्याला एक प्रसंग टाक. लोक किल्ली घ्यायला येत नाहीत गं, भरवसा घ्यायला येतात. बाई असून दार राखतेस, हे त्या मशिनला जमणारे का?"

मी म्हटलं, "मला लिहिता येत नाही."

"तुला भांडता येतं. तसंच लिही."

तिने नियम घालून दिले. कुणाचं नाव नाही, पत्ता नाही, तोंड दिसेल असा फोटो नाही. आणि प्रत्येक प्रश्नाला तासाभरात उत्तर, मग प्रश्न कितीही मूर्खासारखा असो. "उत्तर मिळालं की माणूस आपला होतो," म्हणाली. संध्याकाळी ठोशाची हकीकत लिहून टाकली. फोटो फक्त माझ्या जबड्याचा.

१७ जानेवारी

फोन थांबत नाहीये. सगळ्या बायका. एकीला भावाची भीती, एकीला जुन्या भाडेकरूची, एकीने नुसतंच "तुम्ही त्याला ड्रिल लावायला हवं होतं" एवढं सांगून फोन ठेवला. ताईला कळवलं तर म्हणते, "बघ." तिचा हा "बघ" मला लहानपणापासून झोंबतो.

२५ जानेवारी

रेड्याने पोस्ट वाचली असावी. भर दुपारी दुकानाच्या काचेतून वीट आत आली. काचेचा एक तुकडा माझ्या दंडात घुसला. मी हातोडी घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत त्याच्या मागे धावले, चप्पल एकीकडे, मी एकीकडे. सापडला असता तर आज ही डायरी पोलीस ठाण्यात बसून लिहीत असते.

दंडाला टाके पडायच्या आत ताईचा फोन. "फोटो काढलास का?" काढला होता. ही पोस्ट पहिलीपेक्षा दुप्पट लोकांनी वाचली. साध्या कामांच्या पोस्टना, म्हणजे म्हाताऱ्या आजोबांची तिजोरी उघडली वगैरे, कुणी विचारत नाही. रक्त असलं की वाचतात. तक्रार कसली करायची, मलाही तेच लिहायला जमतं.

६ फेब्रुवारी

आजचं काम वेगळंच होतं.

चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई. तिशीची, बारीक, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारी. दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याला सोडून या गावात आलीय. एक खोली आणि स्वयंपाकघर. मी कुलूप बघायला लागले तर म्हणाली, "कुलूप राहू दे, आधी बिजागऱ्या बघा." मला वाटलं, हिला काही कळत नाही. दार जिन्याकडे उघडणारं, म्हणून बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला. तशा असतात बऱ्याच घरांत.

मग तिने सांगितलं. नवरा कधी ओरडला नाही. कधी दाराला लाथ मारली नाही. ती न्हाणीघरात जाऊन कडी लावायची, तर तो शांतपणे पेचकस आणायचा, बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून काढायचा आणि दार उचलून भिंतीला टेकवून ठेवायचा. स्क्रू लहान-मोठे लावून ओळीने फरशीवर मांडायचा. पेचकस फडक्याने पुसायचा. मग आत यायचा. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलीत. मोडायच्या आधी तो विचारायचा, "कुठलं?" आणि तिला सांगावंच लागायचं, नाहीतर दोन.

मी बिजागऱ्यांच्या बाजूने दाराच्या कडेत पोलादी खुंट्या बसवल्या आणि चौकटीत त्यांना भोकं केली. आता बिजागऱ्या पुऱ्या काढून नेल्या तरी दार जागचं हलणार नाही. चौकट एका जागी किडलीय, तिथे पत्रा ठोकल्याशिवाय साखळी बसणार नाही, म्हणून साखळी आणि बाहेरचं बघायची काच नंतर. निघताना म्हणाली, "तुम्ही लिहिता म्हणे नेटवर. माझं लिहू नका हं."

मी हो म्हटलं.

७ फेब्रुवारी

सकाळपासून डोक्यात तेच. ओळीने मांडलेले स्क्रू. असलं मला सात जन्मांत सुचलं नसतं. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "हे नाही लिहिलंस तर काय लिहिणार?"

तिचं नाव येणार नाही. गाव येणार नाही. चष्म्याचं दुकान येणार नाही, नुसती "नोकरी करणारी बाई". तिच्याकडे साधा फोन आहे, ती नेट बघतच नाही. शिवाय यातून दहा बायका आपल्या बिजागऱ्या तपासून घेतील. हे पुण्याचंच काम की. दुपारी लिहून टाकलं. फोटो नुसता खुंटीचा, माझ्या टेबलावर ठेवलेल्या.

एक वाक्य मलाच फार आवडलं: "हा माणूस राक्षस खरा, पण कारागीर पक्का."

१० फेब्रुवारी

बिजागऱ्यांची पोस्ट कुठच्या कुठे गेली. माझ्या जन्मात जेवढी माणसं बघितली नसतील तेवढ्यांनी वाचली. आज सकाळपासून एकच काम केलं, उत्तरं देणं.

एक नवा वाचक मिळालाय. त्याने एका बैठकीत माझ्या सगळ्या जुन्या पोस्ट वाचल्या आणि प्रत्येकीखाली काहीतरी लिहिलं. भाषा अशी स्वच्छ की मी त्याचं नाव मास्तर ठेवलं. बिजागऱ्यांच्या पोस्टखाली लिहितो, "कारागीर हा शब्द तुम्ही विचार करून वापरला आहे. बहुतेकांनी वापरला नसता." मी आभार मानले. बाकीचे लोक "त्याला फाशी द्या" पलीकडे जात नाहीत, हा माणूस वाक्याकडे बघतो.

१८ फेब्रुवारी

या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं मास्तरांनी पाठवली. ते माझ्या पोस्ट आपल्या ओळखीत पुढे पाठवतात. ताई म्हणते, असा एक वाचक शंभर जाहिरातींच्या जागी असतो, त्याला जप. मी जपते. आता त्यांना सर म्हणते.

चष्मेवालीकडे पत्र्याचं माप घ्यायला गेले होते. बिजागऱ्यांच्या बाईकडे परत गेले म्हणून त्यावर चार ओळी टाकल्या. हत्यारांची पिशवी घेऊन दुकानापासून चालत जायचं, लिफ्ट नाही, खालच्या बेकरीचा वास शेवटच्या पायरीपर्यंत सोबत येतो, आणि वर पोचेपर्यंत किल्लीवालीला भूक लागते. लोकांना हसू आलं. सगळंच रक्त लिहून चालत नाही. सरांनी विचारलं, "बेकरीच्या वर राहायचं म्हणजे उकडत असेल?" मी लिहिलं, "पहिल्या मजल्यावर भट्टीच असते सर, पण चौथ्यावर वारा छान." तासाच्या आत उत्तर दिलं, नियमाप्रमाणे.

२६ फेब्रुवारी

आज चष्मेवाली दुकानात आली. स्वतःहून, एकटी. माझ्या चष्म्याची दांडी वर्षभर वाकडी आहे. तिने तो नाकावरून अलगद काढून घेतला, वाकड्या बोटांनी दाबला, परत बसवला, आणि मला सगळं सरळ दिसायला लागलं. म्हणाली, "तुम्ही इतके दिवस तिरकंच बघत होतात की." मग हसली. तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

म्हणाली, आता झोप लागते. फक्त दारावर कुणी वाजवलं की अंगाला काटा येतो. मी तिला सांगितलं की मी कधी दारावर वाजवतच नाही. घाबरलेल्या घरात गेले की चौकटीच्या खालच्या भागावर पेचकसाच्या मुठीने तीन थापा मारते, जरा थांबून एक. हाकही मारत नाही, जिन्यात नाव घुमतं आणि शेजारी कान टवकारतात. बाबांची पद्धत. ती म्हणाली, "हो, तुमची थाप आता ओळखू येते मला. ती आली की मी सरळ दार उघडते."

ती गेल्यावर मला भरून आलं. मनात एक बारीकसं बोचलंही, तिला हो म्हणून लिहिलं त्याचं. पण तिचं काही बिघडलं नाही, उलट झोप लागतेय.

२७ फेब्रुवारी

थापेवर लिहिलं. आतापर्यंतचं सगळ्यांत चांगलं लिहिलंय असं मलाच वाटतं. एकीने लिहिलं, वाचून रडले. सरांनी विचारलं, "पण एवढी भ्यालेली बाई नुसत्या थापेवर दार उघडते? पटत नाही." मला जरा रागच आला. माझ्या कामावर शंका घेतलेली मला चालत नाही. मी लिहिलं, "डोळे मिटून उघडते सर. एवढा विश्वास कमवायला मेहनत लागते." ते म्हणाले, "मान्य. माघार घेतो." मोठ्या मनाचा माणूस.

४ मार्च

भयंकर दिवस. पोलिसांनीच बोलावलं होतं, फुटलेलं दार बंद करून द्यायला. कुऱ्हाडीने दाराच्या चिंधड्या केलेल्या. आत एका माणसाने भावाला आणि वहिनीला तोडलं होतं. त्यांना नेलं होतं, पण बाकी सगळं तसंच. भिंतीवर छतापर्यंत शिंतोडे, फरशीवर घसरत गेलेला हात उमटलेला, आणि दाराच्या एका फळीत एक दात रुतलेला. तो मी पक्कडीने काढून पोलिसांच्या हातात दिला. बाहेर येऊन ओकले. मग दार बंद करून दिलं.

लिहू नये असं वाटलं. लिहिलं. दात लिहिला नव्हता, ताईने फोनवर ऐकल्यावर म्हणाली, टाक. टाकला.

सरांची प्रतिक्रिया सगळ्यांत शहाणी. "एवढी घाण करायची काही गरज नसते." मी लिहिलं, अगदी बरोबर.

११ मार्च

पत्रा कापून आला. शनिवारी चष्मेवालीकडे साखळी आणि काच दोन्ही बसवून टाकते. तिला तसं कळवलं. ती सुटी घेऊन थांबणार आहे.

दुपारी सरांनी विचारलं, "त्या बिजागऱ्यांच्या बाईंचं काम पूर्ण झालं का? काळजी वाटते." कुणाला कुणाची एवढी काळजी नसते आजकाल. मी लिहिलं, "शनिवारी दुपारी साखळी बसली की किल्ला पूर्ण." त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

१५ मार्च

दवाखान्यात आहे. उजवा हात चालतो. डाव्याला तळव्यापासून मनगटापर्यंत बँडेज आहे. ताई शेजारी खुर्चीत पेंगतेय. लिहिल्याशिवाय सुटका नाही, म्हणून काल झालं तसं लिहिते.

दुपारी चार मजले चढले. थापा मारल्या. दार जरासं सरकलं, नुसतं लोटलेलं होतं. आतून पुरुषाचा आवाज आला, अगदी शांत. "या ना. साखळी आणलीत?"

ती स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर होती. चेहरा कुठला ते आधी कळलंच नाही. एक डोळा पार बंद झालेला, तोंडातून रक्ताची तार लोंबत होती, आणि उजव्या हाताची बोटं नको त्या दिशेला. तो खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. फडक्याने हात पुसत होता.

म्हणाला, "वेळेच्या पक्क्या आहात. तुमचं लिखाण मला फार आवडतं. बिजागऱ्यांचा भाग थोडा लांबलाय, पण थापेचं छान उतरलंय. अगदी जशी लिहिलीत तशी वाजते."

मला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं. बेकरी, चौथा मजला, शनिवार दुपार. एकेक प्रश्न आणि त्याखाली तासाभरात दिलेलं माझं उत्तर.

मी ओरडले का ते आठवत नाही. पिशवी त्याच्या तोंडावर फेकली. त्याने ती चुकवली, पिशवीतली पटाशी उचलली, आणि मी पुढे केलेल्या तळहातातून आरपार घातली. दुखलं नाही, नुसतं थंड लागलं. त्याने पटाशी फिरवली तेव्हा दुखलं. माझ्या उजव्या हातात हातोडी आली. पहिला घाव त्याच्या डाव्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा गुडघ्यावर. तो पडला. तो पडल्यावर मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. खांदा, बरगड्या, परत बरगड्या. तो म्हणत होता, "पुरे, पुरे," तसाच शांतपणे, आणि त्या शांतपणाने माझं डोकं आणखीच फिरत होतं. जबड्यावर मारला तेव्हा त्याचं बोलणं बंद झालं. त्या घावाचं मला बरं वाटलं, आजही वाटतंय.

तिने माझा पाय धरला. बोटं मोडलेल्या हाताने. म्हणून तो जिवंत आहे.

बेकरीवाले वर धावत आले. पुढचं नीट आठवत नाही.

१९ मार्च

पोलीस बाई आल्या होत्या. तो दुसऱ्या दवाखान्यात आहे, पहाऱ्यात. जबडा मोडलाय म्हणून त्याने कागदावर लिहून दिलं की मी बायकोला समजवायला गेलो होतो आणि या बाईने हल्ला केला. अक्षर सुंदर आहे म्हणे. मी म्हटलं, "तो ब्लॉग आत्ताच्या आत्ता पुसून टाकते." त्या म्हणाल्या, "एक अक्षर पुसायचं नाही. त्याचे प्रश्न आणि तुमची उत्तरं, तोच आमचा पुरावा. कोर्टाचं होईपर्यंत आहे तसंच राहील."

म्हणजे ते तसंच राहणार. आणि लोक वाचताहेत. बातमी फुटल्यापासून दुकानाचा फोन ताई उचलतेय आणि तिच्या नाकी नऊ आलेत. गावोगावच्या बायका म्हणतात, आम्हाला हीच किल्लीवाली हवी, जिने हातोडीने त्याला झोडला. जेवढं काम बाबांना आयुष्यात मिळालं नाही तेवढं चार-पाच दिवसांत उभं राहिलंय. मला शूर म्हणतात. त्याला ती कशी सापडली ते कुणी विचारत नाही.

ताई म्हणाली, "तुझा काय दोष? तू नाव लिहिलं होतंस का?" मी म्हटलं, "तू घरी जा." ती गेली नाही. रडत बसली. तिलाही कळलंय.

२४ मार्च

दवाखान्यातल्या तिच्या खोलीत गेले. तिच्या एका डोळ्यावर पट्टी आहे, तो वाचेल की नाही ते अजून सांगत नाहीत. जबडा तारेने बांधलाय, पण ओठ हलवून बोलता येतं. उजव्या हाताला पट्ट्या, डावा मोकळा.

तिने विचारलं, "त्याला कसं कळलं?"

वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. लोकांना शहाणं करायचं होतं, नाव लिहिलं नव्हतं, असलं सगळं. तिच्यासमोर यातलं काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "मी सांगितलं." मग सगळं सांगितलं. नको म्हणाला होतात तरी लिहिलं. खुंट्या लिहिल्या. मजला लिहिला. थाप लिहिली. शनिवार लिहिला. तो विचारत होता, मला वाटलं मला वाचक मिळालाय.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जवळ या." गेले. तिने डाव्या हाताने माझ्या तोंडात मारली. जोर नव्हता. परत मारली. मग मुठीने, छातीवर, गळ्यावर, माझ्या बँडेजवर. सलाईनची सुई निघाली, तिचं रक्त माझ्या शर्टावर उडालं. मी हात खाली सोडून उभी राहिले. नर्स धावत आली तर तिने तिलाच ढकललं. दमली तेव्हा उशीवर पडली आणि बांधलेल्या जबड्यातून असा काही आवाज काढला की तो मी कधी लिहू शकणार नाही.

नर्सने मला बाहेर काढलं. मी बाहेर पडताना चष्मेवाली म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही आहात." एवढंच.

२ एप्रिल

तिने बोलावणं पाठवलं. मला वाटलं, आणखी मारणार असेल. तरी गेले.

म्हणाली, "तो सुटेल कधीतरी. मला दुसरीकडे जायचंय. कुठे ते तुम्हाला कळणार नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"कुलूप बसवायला तुम्ही यायचं नाही. दुसऱ्या कुणाला घरात घ्यायची हिंमत माझ्यात उरली नाही." मग म्हणाली, "मला शिकवा."

९ एप्रिल

रोज जातेय. दुकान बंद आहे, ताई लोकांना नाही म्हणून सांगते. पलंगावर आडवं टेबल ओढून त्यावर दाराच्या जाडीची एक फळी आणि चौकटीचा तुकडा शिकंज्यात धरलाय. हत्यारं माझी, कुलूप तिने कुणाकडून तरी मागवलं. कुठून ते सांगितलं नाही. किल्ल्या उशीखाली असतात, त्या काढायच्या वेळी मला भिंतीकडे तोंड करायला सांगते.

एका डोळ्याने अंतर कळत नाही. पेचकस स्क्रूच्या शेजारी टेकतो, घसरतो, बोटावर येतो. आज दोनदा रक्त आलं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "लांब." मी हात पाठीमागे बांधून बसते आणि नुसतं तोंडाने सांगते. आधी भोक, मग स्क्रू. स्क्रू अर्धा गेला की थांबा, दुसरा लावा, मग दोन्ही आवळा. ती ऐकते आणि करते. आमच्यात दुसरं काही बोलणं होत नाही.

तो डोळा गेला. काल डॉक्टरांनी सांगितलं. आज तिने तीन खुंट्या बसवल्या.

२१ एप्रिल

तिला उद्या सोडणार.

आज तिने सगळं एकटीने केलं. भोकं, खुंट्या, कुलूप, साखळी, आणि मापात काच. मी एकदाही तोंड उघडलं नाही. झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तिच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती.

म्हणाली, "ओढून बघा."

मी उजव्या हाताने ओढलं.

"असं नाही. तो ओढेल तसं ओढा."

मी फळीला दोन्ही हात घातले, डाव्याची जखम ताणली गेली, टेबलाला पाय लावला आणि जीव खाऊन ओढलं. टेबल पलंगासकट सरकलं. शिकंजा वाकला. मी लाथ घातली, परत ओढलं, खांद्याने धडक दिली. बाहेरून नर्स ओरडायला लागली. फळी चौकटीतून सुटली नाही.

ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या जोडाकडे बघत होती. वाकड्या बोटाने तिने प्रत्येक स्क्रू चाचपून पाहिला.

"बरं," म्हणाली. "आता या तुम्ही."

मी हत्यारं तिच्याजवळच ठेवली आणि निघाले.